पिवळ्या कण्याची पुस्तकं : फक्त विज्ञानकथा आणि फँटसी छापणारं एक घर

जुनाबाजार

दिवाळी अंकांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, निव्वळ विज्ञानकथा आणि फँटसी छापून प्रकाशन चालतं का? तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढला.

चालतं. न्यूयॉर्कचं डॉ बुक्स १९७१ पासून चालू आहे, आणि २०२२ पर्यंत ते तिथल्या संपादकांच्याच मालकीचं होतं. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. (डॉ म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉनल्ड ए. वोल्हाइम या नावाची आद्याक्षरं.)

वोल्हाइम कोण ते कळल्याशिवाय हे प्रकाशन कळत नाही. जन्म १९१४, न्यूयॉर्क. तिशीच्या दशकात तिथे फ्युचरियन्स नावाचं विज्ञानकथावेड्या पोरांचं टोळकं होतं. आसिमॉव्ह, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ हे सगळे त्यातलेच. खिशात दमडी नाही, मतं मात्र ढीगभर. १९३९ मध्ये न्यूयॉर्कात पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा आयोजकांनी यातल्या काही जणांना दारातूनच परत पाठवलं, त्यात वोल्हाइमही होता. भांडण राजकारणाचं आणि गटबाजीचं. संमेलन म्हटलं की हे आलंच, तिथे काय नि इथे काय.

१९४३ साली त्याने 'द पॉकेट बुक ऑफ सायन्स फिक्शन' हा कथासंग्रह संपादित केला. तोवर हा माल मासिकांत यायचा आणि महिनाभरात रद्दीत जायचा. खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या नावातच 'सायन्स फिक्शन' असं छापून येणं ही नवलाई होती. पुढे काही वर्षं एव्हन नावाच्या प्रकाशनात काढून १९५२ मध्ये तो ए. ए. विन यांच्या नव्या एस बुक्समध्ये गेला आणि जवळपास दोन दशकं तिथेच राहिला.

एसची जोडपुस्तकं कुणी हातात धरली आहेत का? एका बाजूने एक कादंबरी. ती संपली की पुस्तक उलटंपालटं करायचं, दुसऱ्या बाजूने दुसरी कादंबरी सुरू. मागचं मुखपृष्ठ हा प्रकारच नाही, दोन्ही बाजूंना पुढचीच. मध्ये कुठेतरी एक कादंबरी संपते आणि समोरच्या पानावर दुसरीचा शेवट उलटा दिसतो. दोन्ही मिळून ३५ सेंट. फिलिप के. डिकची पहिली कादंबरी १९५५ मध्ये अशाच जोडपुस्तकात आली, अर्सुला ले गुइनची पहिली १९६६ मध्ये. सॅम्युएल डिलेनीचीही सुरुवात एसमध्येच, १९६२. तेव्हा यांना कोण ओळखत होतं!

विन वारल्यावर एस दुसऱ्यांच्या हातात गेलं, पैशांची ओढाताण सुरू झाली. वोल्हाइम १९७१ मध्ये बाहेर पडला. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. आपल्याकडे लोक या वयात प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मांडतात. याने बायको एल्सीला बरोबर घेऊन नवीन प्रकाशन काढलं आणि न्यू अमेरिकन लायब्ररी या बड्या पेपरबॅक कंपनीशी करार केला: पुस्तक कोणतं घ्यायचं हे वोल्हाइम ठरवणार, आणि छपाई, गोदाम, दुकानापर्यंत माल पोचवणं हे ते बघणार.

एप्रिल १९७२ ला पहिली पुस्तकं आली. पहिल्या क्रमांकाचं आंद्रे नॉर्टनचं. पुढे दर महिन्याला चार-पाच. सगळ्यांचे कणे पिवळेधमक, मुखपृष्ठाच्या वरच्या बाजूलाही पिवळं, आणि पुढेच एका चौकोनात अनुक्रमांक. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हा पिवळा रंग टिकला. दुकानात लांबूनच कळायचं, आपलं कपाट कुठलं ते.

बाकीचं प्रतिसादांत. आधी बघू कुणाला रस आहे का.

सदाफुली

मला आहे रस. शीर्षक वाचून हे कुठल्या डॉक्टरांनी काढलंय असंच वाटलं होतं :-)

वाचनखूण साठवली. पण एक शंका. छपाई आणि वितरण दुसऱ्याचं असेल तर हे स्वतंत्र प्रकाशन कसं? नुसता शिक्काच झाला ना?

जुनाबाजार

चांगला प्रश्न. शिक्का म्हणजे मोठ्या कंपनीतला विभाग. त्याचा संपादक पगारी, आणि वरून फोन आला की विभाग बंद. डॉ बुक्सची मालकी वोल्हाइम कुटुंबाकडे होती, करार होता तो फक्त छपाई आणि वितरणाचा. पुढे १९८७ मध्ये पेंग्विनने न्यू अमेरिकन लायब्ररी घेतली, २०१३ मध्ये पेंग्विन आणि रँडम हाउस एक झाले. या सगळ्या उलथापालथीत डॉ बुक्सच्या पुस्तकांवर वितरकाचं नाव बदलत गेलं, कुठली कथा छापायची हे ठरवणारी माणसं तीच राहिली.

उलट उदाहरण डेल रे. १९७७ मध्ये सुरू झालेला बॅलंटाइनचा विभाग, आणि बॅलंटाइन रँडम हाउसचं. जुडी-लिन आणि लेस्टर डेल रे हे नवराबायको तो चालवायचे. कमालीचे हुशार, खपाच्या बाबतीत डॉ बुक्सच्या कितीतरी पुढे, पण घर भाड्याचं. टॉर या प्रकाशनाची तिसरीच तऱ्हा. टॉम डोहर्टीने १९८० मध्ये स्वतःचं म्हणून काढलं आणि काही वर्षांतच सेंट मार्टिन्सला विकलं, मात्र पुढची कित्येक वर्षं स्वतःच चालवत राहिला.

खडूस काका

वोल्हाइमची आरती छान चालली आहे. टॉल्किनचं काय केलं ते पण येऊ द्या की. १९६५ मध्ये या गृहस्थाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लेखकाला न विचारता छापलं होतं. एक छदाम दिला नव्हता. आपल्याकडे फुटपाथवर झेरॉक्स पुस्तकं विकणाऱ्याला आपण चोर म्हणतो, अमेरिकन माणसाने केलं की 'द्रष्टा संपादक' का?

जुनाबाजार

काका, ते येणारच होतं, तुम्ही घाई केलीत.

झालं असं. अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यात एक कलम होतं, परदेशात छापलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त प्रती आयात केल्या तर तिथला कॉपीराइट धोक्यात यायचा. टॉल्किनच्या अमेरिकन प्रकाशकाने ब्रिटनमधून छापील फर्मे मागवून तिथे बांधून विकले आणि ती मर्यादा ओलांडली. वोल्हाइमने यावर बोट ठेवलं: या पुस्तकाला अमेरिकेत संरक्षणच नाही. आणि तिन्ही भाग प्रत्येकी ७५ सेंटला काढले.

टॉल्किन भडकले. बॅलंटाइनने त्यांच्या परवानगीने ९५ सेंटची आवृत्ती काढली, आणि हयात लेखकाची थोडीतरी चाड असणाऱ्यांनी हीच घ्यावी, अशा अर्थाचं त्यांचं निवेदन तिच्या मागे छापलं. वाचकांनी हे भांडण डोक्यावर घेतलं. शेवटी एसने टॉल्किनना पैसे दिले आणि पुन्हा न छापण्याचं कबूल केलं.

कायद्याने कदाचित पळवाट, नीतीने चूकच. त्यात वाद नाही. पण या भांडणाच्या गाजावाजात ते पुस्तक स्वस्तात कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचलं आणि फँटसीला पेपरबॅकमध्ये केवढं गिऱ्हाईक आहे ते सगळ्या धंद्याला दिसलं. पुढे डेल रे, टॉर, खुद्द डॉ बुक्स, सगळे त्या गिऱ्हाइकावर उभे राहिले.

खडूस काका

म्हणजे चोरी झाली पण चांगल्या मुहूर्तावर झाली. ठीक.

बे एरिया बंड्या

मस्त धागा! इकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून पिवळ्या कण्यांचा एखादा आख्खा खण असतो. क्रमांक छापलेले असल्यामुळे लोकांना ते सगळे जमवायचा नाद लागतो. माझ्या ओळखीतल्या एका काकांच्या बेसमेंटमध्ये भिंतभर आहेत, आणि मधल्या एखाद्या क्रमांकाची फट राहिली असेल तर त्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला असतो. वाचलेत किती विचारलं तर विषय बदलतात.

जाता जाता, या छोट्या पेपरबॅकच्या धंद्यातला एक प्रकार ऐकून मला धक्का बसला होता. न खपलेली पुस्तकं दुकानदार परत पाठवत नाही. मुखपृष्ठ फाडतो, फक्त ते पाठवतो, त्यावर पैसे परत मिळतात. उरलेलं पुस्तक लगद्यात. म्हणूनच जुन्या अमेरिकन पेपरबॅकच्या सुरुवातीच्या पानावर सूचना असते की मुखपृष्ठाशिवाय हे पुस्तक तुम्हाला कुणी विकलं असेल तर ते चोरीचं समजा. ट्रकभाड्यापेक्षा पुस्तक स्वस्त, असा हिशेब.

रेल्वेलाईन

अरे! फोर्टात फुटपाथवर घेतलेलं एक पुस्तक माझ्याकडे अगदी असंच आहे, बिनमुखपृष्ठाचं. विक्रेत्याने वरून खाकी कागद लावून दिला होता. मला वाटायचं पावसात गेलं असेल.

बे एरिया बंड्या

अभिनंदन, तुमच्याकडे अटलांटिक ओलांडून आलेला चोरीचा माल आहे :-)

अवंती_एन

मला यातलं सगळ्यात रोचक वाटतं ते बायकांचं प्रकरण. दोन्ही बाजूंनी.

चांगली बाजू आधी. आंद्रे नॉर्टन म्हणजे मूळची ॲलिस मेरी नॉर्टन, पुरुषी नाव घेऊन लिहिणारी, आणि तिच्यापासूनच डॉ बुक्सचा क्रमांक एक. टॅनिथ लीची 'द बर्थग्रेव्ह' ब्रिटिश प्रकाशकांनी नाकारली होती. तिने ती समुद्रापार वोल्हाइमला पाठवली, त्याने घेतली, १९७५ मध्ये आली आणि तिचं आयुष्य बदललं. सी. जे. चेरीचं तर नावच त्याने दुरुस्त केलं. ती लॅटिन शिकवणारी शाळामास्तरीण, आडनाव साधं चेरी. वोल्हाइम म्हणाला की हे प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईचं नाव वाटतं, आणि शेवटी एक अनुच्चारित 'एच' जोडला. पहिली कादंबरी 'गेट ऑफ इव्ह्रेल' १९७६. पुढे 'डाउनबिलो स्टेशन' (१९८१) ला ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार. मर्सिडीज लॅकीची व्हॅल्डेमार मालिका १९८७ पासून इथलीच.

आता दुसरी बाजू. हेच प्रकाशन जॉन नॉर्मनची गॉर मालिका छापत होतं. बॅलंटाइनकडून ती इकडे आली आणि १९७४ ते १९८८ या काळात आठव्यापासून पंचविसाव्या भागापर्यंत इथे निघाली. परग्रहावरची तलवारबाजी हे वरचं आवरण, आत पानंच्या पानं एकच प्रतिपादन: बाईला गुलामीतच खरं सुख असतं. लोक हे धडाधड विकत घेत होते. म्हणजे चेरी आणि ली यांची पुस्तकं ज्या गल्ल्यावर उभी राहिली त्यात गॉरचे पैसे होते. हे गैरसोयीचं आहे, पण आहे.

आणि मॅरियन झिमर ब्रॅडली. तिची डार्कओव्हर मालिका या घराच्या खांबांपैकी एक. १९८४ पासून तिने 'स्वोर्ड अँड सॉर्सरेस' हे वार्षिक संग्रह काढले, त्यातून कितीतरी नव्या लेखिका आल्या. ती वारल्यानंतर, २०१४ मध्ये, तिच्या मुलीने लहानपणच्या लैंगिक अत्याचारांबद्दल जाहीरपणे सांगितलं. मी त्यानंतर डार्कओव्हर उघडलेलं नाही. दुसऱ्यांनी काय करावं ते ज्याचं त्याने बघावं.

सदाफुली

अवंती, प्रतिसाद फार आवडला. गॉरबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. ते थांबवलं कुणी, खप कमी झाला म्हणून की लाज वाटली म्हणून?

अवंती_एन

लेखकाचं म्हणणं की त्याला वाळीत टाकलं. एवढं नक्की की १९८५ पासून प्रकाशनाची सूत्रं वोल्हाइमच्या मुलीच्या, बेट्सीच्या हातात होती, आणि मालिका त्यानंतर थोड्याच वर्षांत थांबली. बाकीचं तू जोड.

जुनाबाजार

बेट्सीचा उल्लेख आलाच आहे तर पुढची गोष्ट. १९८५ मध्ये वोल्हाइम गंभीर आजारी पडला. बेट्सी तेव्हा तिथे काम करतच होती, तिने कारभार घेतला, आणि त्याच वर्षी शीला गिल्बर्ट तिच्या जोडीला आली. या दोघींनी पुढची जवळजवळ चार दशकं प्रकाशन चालवलं. वोल्हाइम १९९० मध्ये वारला. दरवर्षीच्या उत्तम विज्ञानकथांचा तो काढत असलेला संग्रहही त्याच वर्षी थांबला.

बापाच्या आणि मुलीच्या आवडीत फरक स्पष्ट दिसतो. बापाची पुस्तकं दीड-दोनशे पानांची, अंतराळयानं, पटकन वाचून बाजूला ठेवायची. लांबी बसवण्यासाठी तो एसच्या काळापासून लेखकांची पानं कापायचा, नावं तर सर्रास बदलायचा. बेट्सीच्या काळात पुस्तकं जाडजूड झाली. टॅड विल्यम्सची 'ड्रॅगनबोन चेअर' १९८८ ची. तो टॅडचा ठोकळा आणि १९७२ चं पिवळं पुस्तक शेजारी ठेवलं तर एकाच घरातली वाटत नाहीत. २०१२ मध्ये बेट्सीला संपादनाचा ह्यूगो मिळाला, नंतर शीला गिल्बर्टलाही.

फुलपात्र

थांबा थांबा. हे तेच प्रकाशन का, ज्यांच्याकडे रॉथफसचं तिसरं पुस्तक अडकलंय?? त्याचं पहिलं, 'नेम ऑफ द विंड', मी बारावीत वाचलं. आता माझं लग्न झालं.

बे एरिया बंड्या

तेच. पहिलं २००७, दुसरं २०११, तिसऱ्याचा पत्ता नाही. २०२० मध्ये बेट्सी वोल्हाइमनेच फेसबुकवर उघड लिहिलं होतं की तिसऱ्या भागाचा एक शब्दही तिने पाहिलेला नाही. संपादक असं चारचौघांत बोलत नाहीत सहसा.

पण तिची बाजू घ्या. मोठ्या कंपनीत एक लेखक अडला तर दुसऱ्या पन्नासांवर भागतं. छोट्या प्रकाशनात एका खपाऊ पुस्तकावर चार नवख्यांची पुस्तकं निघत असतात. ते आलं नाही की त्या चौघांच्याही पोटावर येतं.

खडूस काका

वाचकाने वाट बघू नये. दुसरं काहीतरी वाचावं. हे माझं शेवटचं पोस्ट नाही, अजून आहे.

हे सगळं अमेरिकेत ठीक. मराठीत असं घर निघणं शक्य नाही. मूळ कारण एकच, या मालाला आपल्याकडे गिऱ्हाईक नाही. नारळीकरांचं नाव घेऊन कुणी अंगावर येऊ नका. लोक नारळीकर वाचतात ते नारळीकर म्हणून.

कंपोझिटर

बरेच दिवस नुसताच वाचत होतो, पण या प्रतिसादाने लिहायला भाग पाडलं. माझी उमेदीची वर्षं प्रकाशकांच्या कचेऱ्यांत अक्षरजुळणी आणि पानं लावण्यात गेली.

काका, गिऱ्हाईक नाही हे खरं नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा कुणी वाचल्या? झुंजार, धनंजय, काळापहाड यांच्यावर पिढ्या पोसल्या. नारायण धारपांचं भय अजूनही पुन्हा पुन्हा छापलं जातं. पण तो सगळा वाचक वाचनालयातून पुस्तक न्यायचा. एक प्रत पन्नास घरं फिरायची, पार खिळखिळी होऊन दोऱ्याने शिवायची वेळ यायची. प्रकाशकाच्या हिशेबात मात्र विक्री एकच. अमेरिकन पोरगा तेच पुस्तक औषधाच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवरून ३५ सेंटला स्वतः विकत घ्यायचा. वेगळं प्रकाशन उभं राहायला हा फरक पुरेसा आहे.

आता गाळात जायचं दुसरं कारण, डोळ्यांनी पाहिलेलं. नाव घेत नाही. एका प्रकाशकाने विज्ञान कादंबऱ्यांची मालिका जाहीर केली, सहा पुस्तकं. पहिली दोन निघाली, बरी चालली. तिसरीचं हस्तलिखित वर्षभर कपाटात पडलं, कारण ते वाचून हो की नाही म्हणणारा माणूसच नव्हता. जो होता तो आरतीसंग्रह, पाककृती, स्पर्धापरीक्षा आणि विज्ञानकथा सगळ्याच बघायचा. जून आला की शालेय गाइडं, बाकी सगळं बाजूला. लेखकाने वैतागून बाड परत मागितलं तर मधली दोन प्रकरणं गहाळ. झेरॉक्स त्याच्याकडे होती म्हणून वाचला.

तिथे पैसा होता, कागद होता, छापखाना दाराशी होता. नुसत्या विज्ञानकथा वाचून रात्री जागणारा एक माणूस नव्हता. जुनाबाजार यांच्या लेखात मला सगळ्यात जास्त हेच दिसलं.

रेल्वेलाईन

कंपोझिटर यांना जोरदार अनुमोदन. लिहीत राहा हो.

अवंती_एन

मला मात्र वेगळं घर हवंच का, असा प्रश्न पडतो. काकांना वाटतं शक्य नाही, मला वाटतं गरज नव्हती.

पिवळा कणा म्हणजे ओळख खरी, पण ते वेगळ्या पंक्तीला बसवणंही होतं. अमेरिकेत या पुस्तकांकडे बड्या समीक्षकांनी कित्येक वर्षं ढुंकून पाहिलं नाही. आपल्याकडे काय झालं? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. ते होते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून पाठवलेली. पुढे 'यक्षांची देणगी' मौजेने काढली, म्हणजे ज्या घरातून आपली उत्तमोत्तम कविता आणि कथा येते तिथूनच. वेगळं कपाट नाही, वेगळा रंग नाही. आणि २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर. विज्ञानकथाकाराला एवढा मान इंग्रजीतल्या किती प्रस्थापित साहित्यसंस्थांनी दिलाय?

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे हे सगळे दिवाळी अंकांत इतर कथांच्या शेजारीच छापले गेले. वाचक आपसूक मिळाला.

कंपोझिटर

मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा. मान मिळाला तो शास्त्रज्ञांना किंवा आधीच नाव असलेल्यांना. डॉ बुक्सने महिन्याला चार-पाच पुस्तकं काढली, त्यातली निम्मी आज कुणाला आठवत नाहीत, आणि त्या निम्म्यांच्याच रांगेत चेरी उभी होती. आपल्याकडे सामान्य विज्ञानकथा छापायला जागाच नाही. दिवाळी अंकात एखादी कथा, ती बरी झाली तर पुढच्या दिवाळीला दुसरी. लेखक चुकायचा कुठे, शिकायचा कुठे? दहा कथा जमल्या की संग्रह, आणि संग्रहाची आवृत्ती पाचशेची, ग्रंथालयांची ऑर्डर निघाली तर. कादंबरी लिहायचं धाडस त्यातून कुणी करत नाही.

फँटसीचं तर विचारूच नका. विज्ञानकथेला निदान प्रबोधनाचं गोंडस कारण आहे. निव्वळ मजेसाठी राक्षस आणि किल्ले लिहिले तर प्रकाशक विचारतो, हे बालसाहित्य आहे का?

खडूस काका

हे मात्र पटलं. चांदोबा सोडून मोठ्यांसाठी काही नाही. विक्रमवेताळावर वाढलेल्या लोकांना फँटसी परकी वाटते हा विनोदच आहे.

पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. खिशातून पैसे कोण काढणार?

बे एरिया बंड्या

आता तर तिकडेही कुणी काढत नाही, निदान त्या आकारासाठी. खिशात मावणारी पेपरबॅक संपत चालली आहे. सुपरमार्केटांना पुस्तकं पुरवणाऱ्या रीडरलिंक या मोठ्या वितरकाने २०२५ अखेर तो आकार बंद करायचं ठरवलं. ई-बुक त्याच किमतीत आणि अक्षर मोठं करता येतं. ज्या वस्तूसाठी डॉ बुक्स जन्माला आलं तीच गेली.

रेल्वेलाईन

२०२२ ला काय झालं ते राहिलं ना? विकलं का?

जुनाबाजार

हो. जुलै २०२२ मध्ये ॲस्ट्रा पब्लिशिंग हाउसने डॉ बुक्स घेतलं. ॲस्ट्रा न्यूयॉर्कची, पण तिच्यामागे बीजिंगचा थिंकिंगडम हा प्रकाशनसमूह आहे. बेट्सी आणि शीला दोघी तोवर सत्तरीच्या आसपास होत्या. वितरण पेंग्विन रँडम हाउसकडेच राहिलं. पुस्तकं येताहेत, त्यांवरचे अनुक्रमांकही पुढे चालू आहेत.

चिनी पैसा म्हणून तिकडे काही वाचकांनी नाकं मुरडली. मला त्यात विशेष वाटलं नाही. वोल्हाइम सत्तरच्या दशकात फ्रेंच लेखकांची भाषांतरं छापायचा, जेरार क्लाइन, पिएर बार्बे. रशियन स्ट्रुगात्स्की बंधूंची 'हार्ड टु बी अ गॉड' त्याने पेपरबॅकमध्ये काढली, ती शीतयुद्ध चालू असताना. इंग्रजीबाहेरही विज्ञानकथा लिहिली जाते हे त्याला तेव्हा दिसत होतं. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याला आता ॲस्ट्राचं दार मोकळं असेल का, ते मात्र कुणीतरी हस्तलिखित घेऊन जाईल तेव्हाच कळेल.

सदाफुली

कंपोझिटर, तुम्ही आणि जुनाबाजार मिळून का नाही काढत काहीतरी? खरंच विचारतेय. हल्ली मागणीनुसार छपाई होते ना, पन्नास प्रतींपासून.

कंपोझिटर

छपाईचं सोपं झालंय, ते खरं. पानं मी लावून देईन, प्रूफंही बघेन, त्याचे पैसे नकोत. पण आलेलं प्रत्येक बाड शेवटपर्यंत वाचून दहातल्या नऊ जणांना कारण देऊन नाही म्हणायचं, आणि दहाव्याच्या मागे तीन मसुदे होईपर्यंत लागायचं, हे ज्याला जमेल त्याचं नाव आधी सांगा.

जुनाबाजार

मी नाही. मला सगळंच आवडतं.

अवंती_एन

मी नऊ जणांना नाही म्हणू शकते. कारणासकट. व्यक्तिगत निरोप करा.

फुलपात्र

ते होईल तेव्हा होईल. सध्या सुरुवात कुठून करू ते सांगा कुणीतरी. आणि ज्याचा शेवट छापून आलाय असंच काहीतरी द्या, प्लीज.

अवंती_एन

'गेट ऑफ इव्ह्रेल' घे. छोटी आहे, नायिका शब्द मोजून बोलते, आणि चेरी काहीच समजावून सांगत नाही, त्यामुळे पहिली तीस पानं चाचपडशील, मग सोडवणार नाही. अलीकडचं हवं असेल तर नेडी ओकोराफोरची 'हू फिअर्स डेथ' (२०१०). सुदानमधला भविष्यकाळ, जादू आणि वांशिक हिंसा. २०११ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार आहे तिला. जड आहे, झोपताना वाचू नकोस.

रेल्वेलाईन

'गेट ऑफ इव्ह्रेल' माझ्याकडे आहे, पिवळ्या कण्याची, मुखपृष्ठासकट. ठाण्याच्या कट्ट्याला आणतो, फुलपात्र घेऊन जा. परत आणायची अट.

खडूस काका

ती परत आली की मला द्या. पण टाइप किती बारीक आहे ते आधी सांगा. त्या अमेरिकन पेपरबॅकांत कागद वाचवायला मुंग्या छापतात.

रेल्वेलाईन

मुंग्याच आहेत काका. भिंग आणा.